चंद्र, घड्याळ आणि डोळा : दिवेलागणीच्या इतिहासातील काही वस्तू

माझ्या कपाटात बुटांच्या एका खोक्यात सतरा वस्तू आहेत. बहुतेक मुठीत मावतील एवढ्या, करड्या नाहीतर निळ्या प्लॅस्टिकच्या डब्या. प्रत्येकीच्या एका अंगाला नखाएवढी पारदर्शक खिडकी आहे आणि तिच्या आत नागमोडी रेघ काढलेली एक चकती दिसते. रस्त्यावरच्या दिव्याच्या माथ्यावर बसून अंधारू लागले की दिवा लावायचा आणि उजाडले की तो मालवायचा, एवढेच या डब्यांचे काम होते. बाजारात त्यांना फोटोसेल किंवा डे-नाईट स्विच म्हणतात. वायरमन मंडळी नुसते ‘सेन्सर’ म्हणून मोकळी होतात.

मी मराठीचा अध्यापक. विजेशी माझा संबंध घरातला फ्यूज बांधण्यापुरता. हा नाद लागला तो योगायोगाने. गेल्या काही वर्षांत आमच्या छत्रपती संभाजीनगरातले, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादमधले, पिवळ्या उजेडाचे सोडियमचे दिवे उतरले आणि त्यांच्या जागी पांढरे एलईडी चढले. त्या दिवसांत जुनी पुस्तके धुंडाळत भंगाराच्या एका दुकानात शिरलो असताना उतरवलेल्या दिव्यांचा ढीग पाहिला. दुकानदार त्यांतले तांबे आणि ॲल्युमिनियम वेगळे करत होता. या डब्या मात्र फेकण्यात जमा होत्या. मी एक उचलली तेव्हा तो म्हणाला, “हे कशाला नेता सर? ह्यात काही नाही.”

वजनाच्या हिशेबाने त्याचे म्हणणे खरेच होते. पण डबी घरी आणल्यावर एक प्रश्न मनातून जाईना. तिन्हीसांजा, कातरवेळ, गोरज, दिवेलागण असे किती शब्द मराठीने संध्याकाळच्या त्या अर्ध्या तासासाठी करून ठेवले आहेत! कवितेच्या तासाला आपण ते सारे शिकवतो. पण संध्याकाळ झाली, आता दिवे लावायला हवेत, हे सबंध गावाच्या वतीने ठरवायचे कोणी? घरात ते आजी ठरवत होती. रस्त्यावर कोण ठरवत होते? या प्रश्नाला इतिहासाने आळीपाळीने तीन उत्तरे दिली : चंद्र, घड्याळ आणि डोळा. माझ्या खोक्यातल्या वस्तू या तिसऱ्या उत्तराच्या आहेत. त्यांची गोष्ट मात्र पहिल्यापासून सांगावी लागते.

१

आमचे शहर उजेडाच्या नावांचे आहे. इथे रोशन गेट आहे. अठराव्या शतकातले थोर उर्दू कवी सिराज औरंगाबादी इथलेच, आणि ‘सिराज’ म्हणजे दिवा. जवळच दौलताबादच्या पायथ्याशी बहमनी काळातला चांद मिनार उभा आहे. त्याच किल्ल्यावर अंधाराचे हत्यार करून ठेवलेला भुयारी मार्गही आहे. वळणावळणाच्या त्या वाटेत शत्रूला दिसू नये आणि रक्षकाला मात्र वाट पाठ असावी, एवढ्यावर किल्ल्याची सारी भिस्त होती. उजेड ही सत्तेची बाब आहे, हे ज्यांना पुस्तकातून पटत नाही त्यांनी त्या भुयारातून एकदा जाऊन यावे.

जुन्या तटबंदीच्या शहरात रात्रीचा रस्ता ही सर्वांची वापरायची जागाच नव्हती. वेशी बंद होत. ज्याला बाहेर पडणे भाग असे तो आपला उजेड बरोबर नेई. ऐपतदाराच्या पुढे मशालजी चाले, बाकीच्यांच्या हाती कंदील नाहीतर काहीच नाही. रस्त्याला स्वतःचा दिवा असावा, तो कोणा एकाचा नसून सर्वांचा असावा आणि त्याचा खर्च करातून भागावा, ही कल्पना आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात नगरपालिकांबरोबर रुजली. आजही पालिकेच्या कारभारात या कामाला ‘दिवाबत्ती’ असा घरगुती शब्द आहे.

मुंबईत १८६५ च्या ऑक्टोबरात रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले, तेव्हा दिवे लावणाऱ्या माणसांच्या मागे एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे लोकांची गर्दी चालली होती, असे मुंबईच्या इतिहासकारांनी नोंदवले आहे. दिव्याइतकेच अप्रूप तो लावणाऱ्याचे होते. खांद्यावर शिडी किंवा हातात लांब काठी घेऊन फिरणारा हा बत्तीवाला पुढे गावोगावच्या पालिकांच्या नोकरीत आला. लहान गावांत गॅस नव्हता, रॉकेलचे कंदील होते. काचा पुसायच्या, वात कापायची, तेल घालायचे, लावायचे आणि पहाटे मालवत यायचे, असे ते काम होते.

पण हे काम रोजचे नव्हते, आणि इथेच चंद्र येतो. तेलाला पैसे पडत. तेव्हा चांदण्या रात्री दिवे लावायचे नाहीत, अशी काटकसर पुष्कळ पालिका करीत. ही केवळ आपली गरिबी नव्हे. अमेरिकेतल्या शहरांतही चांदण्याच्या हिशेबाने दिव्यांची वेळापत्रके छापली जात. म्हणजे शुक्ल पक्षातली तिथी ही धार्मिक बाब राहिली नाही, ती पालिकेच्या जमाखर्चाची बाब झाली. अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, पौर्णिमेचा रात्रभर असतो, वद्य पक्षात तो उशिरा उगवतो. या सगळ्याचा मेळ घालून कोणत्या रात्री किती वेळ दिवे ठेवायचे, हे ठरे. पंचांग पाहून लग्न ठरवणारा समाज पंचांग पाहून रस्ता उजळू लागला, यात नवल काही नव्हते.

या व्यवस्थेची अडचण पावसाळ्यात उघडी पडे. आषाढ-श्रावणात पंचांगातला चंद्र असतो, आकाशातला नसतो. कागदावर चांदणे आहे म्हणून दिवे बंद, आणि रस्त्यावर डोळ्यात बोट घातले तरी न दिसणारा काळोख. सरकारी चंद्र आणि खरा चंद्र यांच्यातल्या या फरकात जो ठेचकाळे त्याला दाद मागायला जागा नव्हती, कारण वेळापत्रक बरोबर होते.

२

विजेचे दिवे आले आणि एकेक दिवा हाताने लावण्याची गरज संपली. एका खटक्यावर सबंध गल्ली उजळू लागली. आता प्रश्न फक्त खटका दाबण्याच्या वेळेचा उरला, आणि वेळ म्हटली की घड्याळ. गॅसच्या काळातच इंग्लंडमधल्या बाथ शहरच्या हॉर्स्टमन कंपनीने दिव्यागणिक बसवायची किल्लीची घड्याळे केली होती. ठरावीक दिवसांनी किल्ली द्यायची. बाकी गॅस सोडणे आणि बंद करणे घड्याळ पाही. विजेसाठी व्हेनरसारख्या कंपन्यांनी टाइम-स्विच काढले. त्यांतल्या काहींत एक खास तबकडी असे. ती वर्षभरात हळूहळू सरकत सूर्यास्ताच्या बदलत्या वेळेप्रमाणे दिवा लावण्याची वेळ आपोआप मागेपुढे करी. त्या तबकडीवर एका अक्षांशाचे सारे वर्ष कोरलेले असते. माझ्याजवळ टाइम-स्विच एकच आहे, तोही साध्या तबकडीचा.

घड्याळाला गाव कळत नाही, ही त्याची पहिली उणीव. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरची आहे. आमचे शहर साधारण ७५.३ अंशांवर. प्रत्येक अंशाला ४ मिनिटे या हिशेबाने इथला सूर्य प्रमाणवेळेच्या मागे सुमारे २९ मिनिटे चालतो आणि मुंबईच्या पुढे १० मिनिटे. मुंबईच्या वेळा छापणारी दिनदर्शिका भिंतीवर लावून इथे दिवे लावायचे ठरवले, तर दहा मिनिटांचा अंधार पदरात पडतो. इथला सूर्यास्त नोव्हेंबरअखेर ५ वाजून ४८ मिनिटांच्या आसपास होतो आणि जुलैच्या आरंभी ७ वाजून १२ मिनिटांच्या आसपास. जवळजवळ दीड तासाचा हा झोका एकाच आकड्यावर बांधता येत नाही. त्यात आपल्या अक्षांशावरचा संधिप्रकाश तोकडा. सूर्य मावळल्यावर २३-२४ मिनिटांत तो क्षितिजाखाली सहा अंश गेलेला असतो. लंडनच्या उन्हाळ्यात याला पाऊण तासाहून अधिक वेळ लागतो. तिकडे दहा मिनिटांची चूक खपून जाते, इकडे ती जाणवते.

दुसरी उणीव आपल्या परिस्थितीची. साधा टाइम-स्विच विजेवरच चालतो. वीज गेली की तो थांबतो आणि आली की थांबल्या जागेवरून पुढे निघतो. दोन तास वीज गेली तर त्याची संध्याकाळ दोन तास उशिरा होते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात महाराष्ट्राने जे भारनियमन सोसले, त्यातून गेलेल्यांना अधिक सांगायला नको. रोज काही तास थांबणारे घड्याळ आठवड्याभरात दिवसाला रात्र समजू लागते. शहागंजात निजामकाळातला घड्याळाचा मनोरा आहे. त्याच्याकडे पाहून शहराने आपली वेळ लावावी, अशी त्यामागची कल्पना. पण रस्त्यावरच्या दिव्यांना असा एखादा मनोरा पुरणार नव्हता. त्यांना पाहायचे होते ते आकाश.

३

आकाश पाहणाऱ्या पदार्थाचा शोध चुकून लागला. १८१७ मध्ये स्वीडनच्या बर्झेलियसला एक नवे मूलद्रव्य सापडले होते. ते टेल्यूरियमसारखे दिसे. टेल्यूरियमचे नाव पृथ्वीवरून पडलेले, म्हणून या भावंडाला त्याने चंद्राचे नाव दिले. ग्रीक भाषेत चंद्र म्हणजे सेलेने, त्यावरून सेलेनियम. पुढे पन्नासएक वर्षांनी समुद्रातल्या तारायंत्राच्या केबलींची तपासणी करताना इंग्रज विद्युत अभियंता विलोबी स्मिथ याने सेलेनियमच्या कांड्या वापरल्या, कारण त्यांचा विद्युतरोध मोठा होता. पण हा रोध स्थिर राहीना. कांडीवर उजेड पडला की तो उतरे, झाकली की चढे. त्याचा सहायक जोसेफ मे याच्या लक्षात आलेली ही गोष्ट स्मिथने १८७३ मध्ये जाहीर केली. उजेड ‘कळणारी’ निर्जीव वस्तू माणसाच्या हाती आली. सात वर्षांत ग्राहम बेलने तिच्या आधारे प्रकाशझोतातून आवाज पाठवणारा फोटोफोन केला. १९३०च्या दशकात सेलेनियमच्या घटांचा उपयोग छायाचित्रकारांच्या प्रकाशमापकात होऊ लागला, तसा दिव्यांच्या नियंत्रणातही.

इथे एक गंमत आहे. ज्या चंद्राच्या हिशेबाने दिवे लागत, त्याच्या जागी चंद्राच्याच नावाचा पदार्थ येऊन बसला. पण या नव्या पहारेकऱ्याला चंद्र दिसत नाही. पौर्णिमेच्या चंद्राचा उजेड जमिनीवर पाव लक्सच्या आसपास असतो, तर रस्त्यावरचा फोटोसेल दिवा लावतो तो सामान्यतः काही दहा लक्सला. त्याच्या लेखी पौर्णिमा आणि अवस एकच. दिवाबत्तीच्या हिशेबातून चांदणे कायमचे वजा झाले ते इथे. आज शहरातल्या मुलांना कोजागरीशिवाय चंद्राची तिथी ठाऊक नसते, याचा दोष आपण त्यांच्या अभ्यासक्रमाला देतो. चंद्राच्या हजेरीवर रस्त्याचा उजेड अवलंबून होता, ते दिवस गेले, हेही त्यामागचे एक कारण आहे.

विजेविना आकाश पाहणारे यंत्रही एकाने केले. स्वीडनच्याच गुस्ताफ दालेनने १९०७ मध्ये दीपगृहांसाठी ‘सूर्यझडप’ केली. तीत चार दांड्या असतात : मधली काळी, भोवतालच्या तीन चकचकीत. दिवसा काळी दांडी उजेड शोषून इतरांपेक्षा किंचित अधिक लांबते आणि गॅसची वाट बंद करते. अंधारात ती आखडते आणि वाट मोकळी होते. चाके नाहीत, तारा नाहीत, किल्ली नाही. माणूस नसलेल्या खडकावर दिवा महिनोन्‌महिने आपला आपण लागू-मालवू लागला. या कामाबद्दल दालेनला १९१२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याच वर्षी ॲसिटिलीनच्या चाचणीत स्फोट होऊन त्याची दृष्टी गेली होती. पारितोषिक त्याच्या वतीने त्याच्या भावाने स्वीकारले. तो भाऊ नेत्रवैद्य होता. कादंबरीकाराने असे काही लिहिले असते तर आपण त्याला ओढूनताणून आणलेले म्हटले असते. दालेन त्यानंतर १९३७ पर्यंत, मृत्यूपर्यंत, आपली कंपनी चालवत राहिला. त्याची झडप मी चित्रातच पाहिली आहे; माझ्या खोक्यात ती यायची नाही.

माझ्या खोक्यातल्या डब्या या वंशातल्या, पण साध्या घरच्या. त्यांच्यात सेलेनियमऐवजी कॅडमियम सल्फाइड असते. १९५० नंतरच्या दशकांत हा स्वस्त पदार्थ जगभरच्या दिव्यांवर चढला. खिडकीतून दिसणारी नागमोडी रेघ त्याचीच. जुन्या पद्धतीच्या डबीची रचना अशी : उजेड असेतो या चकतीतून थोडा प्रवाह एका बारीक तापकाला मिळतो, त्याच्या उबेने दोन धातूंची एक पट्टी वाकून राहते आणि दिव्याचा जोड तुटलेला राहतो. अंधारले की प्रवाह आटतो, पट्टी निवते, सरळ होते आणि दिवा लागतो. म्हणजे दिवसभर ही डबी आतून कोमट असते. निवायला मिनिट-दोन मिनिटे लागतात आणि तेच तिचे शहाणपण आहे. वीज चमकली, मोटारीचा झोत पडला, कावळा खिडकीसमोर बसला, म्हणून ती आपले मत बदलत नाही.

या रचनेतून आणखी एक गोष्ट निघते. चकती बिघडली, तापक जळाला, तार तुटली, यांतले काहीही झाले तरी पट्टी थंडच राहणार आणि दिवा लागलेलाच राहणार. भरदुपारी जळणाऱ्या पथदिव्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात आणि खाली ‘अजब कारभार’ असा मथळा असतो. मीही पूर्वी असा हसत असे. पण अशा पुष्कळ दिव्यांच्या बाबतीत तो बेपर्वाईचा पुरावा नसून रचनेतच करून ठेवलेली निवड असते. यंत्र केव्हातरी चुकणार, हे त्याच्या कर्त्याने धरून चाललेले असते. चुकायचेच तर उजेडाच्या बाजूने चुकावे, दिवसा वीज वाया गेली तरी चालेल पण रात्री रस्ता काळोखात राहू नये, असा तो कौल आहे. पंचांगाच्या व्यवस्थेचा कौल नेमका उलटा होता : चुकायचे तर तेल वाचवण्याच्या बाजूने. कोणत्याही व्यवस्थेची नीती पाहायची असेल तर ती बिघडते तेव्हा कोणाच्या बाजूने बिघडते, हे पाहावे. हे मला ग्रंथांनी सांगितले नव्हते. या डबीने सांगितले.

४

खोक्यातल्या काही डब्या वेगळ्या म्हणून जपल्या आहेत. एक आहे तीन पात्यांची, पिळून बसवायची, अमेरिकी घडणीची. तिच्या बुडावर उत्तर दिशा दाखवणारी खूण आहे, कारण खिडकीत सरळ ऊन येऊ नये. एकीची खिडकी ऊन खाऊन हळदीसारखी पिवळी पडली आहे. खिडकी पिवळी पडली, धुळीने माखली की आत पोचणारा उजेड घटतो आणि डबीला संध्याकाळ लवकर भासू लागते. म्हातारपणी दिवस लहान होत जातो, असे म्हणायचे. आमच्या पठारावरच्या उन्हाळ्याच्या धुळीत हे म्हातारपण लवकर येते. एक दिवा रात्रभर उघडझाप करत असे. समोर पांढरी भिंत झाली होती. दिवा लागला की त्याचाच उजेड भिंतीवरून परतून डबीला दिवस दाखवी, ती दिवा मालवी, मग पुन्हा अंधार, पुन्हा दिवा. ती डबी वायरमनने काढून मला दिली. तिच्यात बिघाड काहीच नाही.

मला सर्वांत प्रिय आहे ती कंपनीची नव्हे. बॉलपेनची रिकामी नळी, तिच्या तोंडाशी डिंकाने बसवलेला दोन-पाच रुपयांचा एलडीआर, खाली औषधाच्या प्लॅस्टिक डबीत कोंबलेला रिले. अभियांत्रिकीच्या कोणा विद्यार्थ्याने आपल्या घरमालकाच्या फाटकावरच्या दिव्यासाठी केलेली. पेनाची नळी का, तर उजेड फक्त आकाशाच्या एका तुकड्यातून यावा, शेजारच्या दुकानाच्या पाटीचा येऊ नये. दिशा निवडण्याची ही युक्ती त्याला कोणी शिकवली असेल असे वाटत नाही.

अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये रस्त्यावरचे दिवे व त्यांची नियंत्रक यंत्रे जमवणारे हौशी लोक आहेत. कोणते यंत्र कोणत्या वर्षी बदलले याची त्यांना खडान्‌खडा माहिती असते. आपल्याकडे अशा छंदाला लोक हसतील. तरी आपल्याकडे या क्षेत्रात एक फार मोठा पूर्वज होऊन गेला आहे, आणि तो कवी होता. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांचे पुण्यात चष्म्याचे दुकान होते. समया, लामणदिवे, अडकित्ते, दौती, कुलपे अशा घरोघरच्या वस्तू मोडीत निघत होत्या, तेव्हा ते गावोगाव फिरून त्या जमवत राहिले. अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने त्यांनी संग्रहालय उभे केले आणि १९७५ मध्ये ते महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. भारतातल्या दिव्यांवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९६१ मध्ये निघाले. त्यांच्या समकालीनांनाही ‘ह्यात काही नाही’ असेच वाटले असणार. तांबट आळीत वितळून जायच्या त्या वस्तू आज आपल्या संस्कृतीच्या इतिहासाचे साधन आहेत.

केळकरांच्या दिव्यांना देखणेपण होते, हा फरक मी विसरत नाही. समईवर हंस असतो, लामणदिव्याला घडीव साखळी असते. फोटोसेलवर कोणी हंस कोरला नाही. पण इतिहासाचे साधन देखणे असलेच पाहिजे, असा नियम केला तर विसाव्या शतकातला सामान्य माणूस त्यातून निम्मा गळून पडेल. आपल्या संग्रहालयांत तलवारी आहेत, चिलखते आहेत, हस्तलिखिते आहेत, आणि ती असायलाच हवीत. खटका मात्र नाही.

५

खटक्यावरून आमच्या जुन्या गल्लीतले वायरमनकाका आठवतात. ते पालिकेच्या दिवाबत्तीत होते, पालिकेची महानगरपालिका झाली त्या १९८२ सालाच्याही आधीपासून. संध्याकाळी सायकलवर निघायचे, खांबावरच्या लोखंडी पेट्या उघडून एकेका भागाचा खटका वर करत जायचे आणि पहाटे त्याच वाटेने खाली करत यायचे. आम्ही पोरे त्यांच्या सायकलच्या मागे पळत असू. मनगटावर घड्याळ होते, पण ते पाहत आकाशाकडे. आभाळ भरून आले की चहा अर्धा टाकून उठत.

निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी मी त्यांना माझा संग्रह दाखवला. त्यांनी एकेक डबी हातात घेतली, खिडकीवर अंगठा ठेवून झाकली, उघडली.

“ही आली आणि आमची संध्याकाळची फेरी गेली,” ते म्हणाले.

“वाईट वाटलं का काका?”

“वाईट कशाचं? पावसात लोखंडी पेटीत हात घालायचा, शॉक बसायचा. जिवावरचं काम होतं. ही ते सगळं करते, आणि वेळेवर करते.” मग थोडे थांबून म्हणाले, “फक्त हिला ढग कळतो, माणूस कळत नाही. गल्लीत कोणी गेलं असेल, मयत निघायची असेल, तर आम्ही पहाटे तेवढा भाग उशिरा मालवत होतो. साहेबाला सांगत नव्हतो.”

ही नोंद कोणत्याही वेळापत्रकात नाही. तेल वाचवणाऱ्या पंचांगात नव्हती, सूर्यास्ताच्या तबकडीत नव्हती आणि डबीत तर असणेच शक्य नव्हते. म्हणून जुनी व्यवस्था थोर होती असे मी म्हणणार नाही. शॉक बसलेला हात मी पाहिला आहे. पण तीन उत्तरांचा इतिहास लिहिताना या चौथ्या उत्तराची, खटक्याशी उभ्या असलेल्या माणसाची, जागा रिकामी सोडली तर तो इतिहास यंत्रांच्या यादीपलीकडे जाणार नाही.

आता या डब्यांचाही काळ सरत आला आहे. कॅडमियम विषारी असल्याने युरोपीय संघाने २००६ पासून त्याच्या वापरावर निर्बंध घातले; नव्या फोटोसेलमध्ये सिलिकॉन असते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पथदीप कार्यक्रमाने १ कोटी ३४ लाख दिवे बदलण्याचे लक्ष्य ठेवले, आणि त्याच्याबरोबर केंद्रीय नियंत्रणाची पद्धत आली. गल्लीच्या पेटीतले उपकरण अक्षांश-रेखांशावरून त्या दिवसाचा सूर्यास्त स्वतः काढते आणि दूरच्या संगणकाला कळवते. म्हणजे डोळा पुन्हा मिटला आणि पंचांग परत आले. हे पंचांग सेकंदापर्यंत अचूक आहे. मात्र आषाढात दुपारी चारला आभाळ काळेठिक्कर झाले तर ते त्याला कोणीतरी सांगावे लागते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना मला सुचवायचे आहे ते एवढेच. आपण आत्मचरित्रे शिकवतो, त्यांत रस्त्यावरच्या दिव्याखाली केलेला अभ्यास येतो. कथांत खांबाखाली उभी असलेली माणसे येतात. तो दिवा कोण लावत होते, केव्हा, कोणाच्या पैशाने, आणि कोणत्या वस्तीत तो किती वर्षे उशिरा पोचला, हे विचारल्याशिवाय ती वाक्ये पुरती वाचली जात नाहीत. या प्रश्नांची उत्तरे देणारी माणसे अजून आपल्या आसपास आहेत, निवृत्त आहेत आणि त्यांना कोणी विचारत नाही.

त्या भेटीनंतर मी प्रत्येक डबीला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली आहे : कोणत्या रस्त्यावरची, कोणत्या खांबाची, कोणत्या साली उतरली, कोणी उतरवली. सतरांपैकी नवांच्या चिठ्ठ्या काकांच्या आठवणीवर भरल्या गेल्या. उरलेल्या आठ कोऱ्या आहेत. काका आता नाहीत.